दार उघडा, शेगडी विझवा: हिवाळी पॉलिहाऊसमधल्या या चुका टाळा

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, कपाशीची दुसरी वेचणी सुरू झाली की माझे फोन सुरू होतात. "भाऊ, झेंडूची रोपं आडवी पडली." "दादा, अग्लोनेमाची पानं काळी पडली, काय मारू?" आर्वी तालुक्यात नर्सरी चालवून मला एकोणीस वर्षं झाली. दर हिवाळ्यात तेच प्रश्न येतात आणि पिशवीत भरून आणलेली रोपंही तशीच मेलेली असतात. जीव तुटतो, कारण यातली फार थोडी रोपं खरोखर थंडीनं मेलेली असतात. बाकीची आपण ओल्यात कोंडून मारलेली असतात.

आपल्याकडचा हिवाळा आधी नीट समजून घ्या. पहाटे ८-१० अंश, दुपारी २८-२९. थंड देशातल्या माणसाला ग्रीनहाऊसमध्ये दिवसभर ऊब सांभाळावी लागते, आपल्याला दुपारचं ऊन फुकट मिळतं. आपली अडचण पहाटेच्या चार-पाच तासांची आहे, आणि तिच्यासाठी लोक पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकनं झाकलेलं झाडांचं घर, बंद करून चोवीस तास झाडांचा श्वास कोंडतात.

दार दिवसभर लावून ठेवणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि हिच्यामुळे झालेलं नुकसानही सगळ्यात जास्त आहे.

२०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता. पाडव्याच्या झेंडूसाठी मी २५ डिसेंबरच्या आसपास १०४ खणांचे चाळीस ट्रे भरले होते. थंडीत रोप तयार व्हायला महिना लागतो आणि लावल्यापासून फुलावर यायला पन्नास-पंचावन्न दिवस, असा हिशेब. उगवण छान झाली. सगळी रोपं दोन पानांवर असताना नात्यातल्या लग्नासाठी मला चार दिवस बाहेर जावं लागलं. भाच्याला सांगून गेलो, "थंडी आहे, सांभाळ." त्यानं सांभाळलं. चारही दिवस दार लावून ठेवलं, बाजूचे पडदे खाली सोडले आणि रोज संध्याकाळी झारीनं पाणी दिलं.

परत आलो तेव्हा प्लास्टिकच्या आतून थेंब ओघळत होते आणि ट्रेवर टपटप गळत होते. मधल्या ट्रेमध्ये हातभर गोल पट्टा पूर्ण आडवा पडला होता. एक रोप चिमटीत धरून उचललं. पानं अजून हिरवीगार, पण कोकोपीटला (ट्रेमध्ये भरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा) टेकतो तिथं देठ पाणचट होऊन सुईइतका बारीक झालेला, जणू कुणी दोऱ्यानं करकचून बांधला असावा. हा मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचा. ओल, कोंदट हवा आणि दाट रोपं मिळाली की ती एका रात्रीत ट्रेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. चाळीसपैकी सतरा ट्रे गेले.

भाच्याला ओरडलो नाही. त्यानं मला एकच विचारलं, "मामा, दार उघडलं का सारी गरमी निंघून जाईन ना?" हा प्रश्न मला चांगले शिकलेले लोकही विचारतात. गरमी जाऊ द्या. ती परत येते. दुपारी आत ३८-४० अंश चढलेले असतात, ती गरमी कोवळ्या रोपाच्या कामाची नाही. सूर्य गेल्यावर तीच गरम, ओली हवा थंड प्लास्टिकला लागते, तिचं पाणी होतं आणि ते तुमच्या ट्रेवर पडतं.

माझी सवय सांगतो. सकाळी प्लास्टिकवरचे थेंब ओघळायला लागले, म्हणजे साडेनऊच्या सुमारास, की समोरासमोरची दोन्ही दारं उघडतो. संध्याकाळी चार-सव्वाचारला, ऊन अजून अंगावर असतानाच, बंद करतो. तोवर आतली ओल निघून गेलेली असते आणि शेवटच्या ऊन्हाची ऊब आत अडकते. धुवारी असली किंवा आभाळ आलं तर त्या दिवशी रोपांना पाणीच देत नाही, दार मात्र तासभर तरी उघडतो.

रोग दिसलाच तर आडव्या रोपांवर फवारत बसू नका, ती उठत नाहीत. तो पट्टा आणि भोवतालची चार बोटं रोपं कोकोपीटसकट काढून लांब फेका. उरलेल्या ट्रेला कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी द्या आणि दोन दिवस पाणी बंद. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी, चांगलंच आहे, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पण ते पेरणीआधी कोकोपीटमध्ये मिसळायचं असतं. रोपं पडल्यावर ट्रायकोडर्मा विचारत येणाऱ्यांना मी हात जोडतो. आणि कॉपरच्या पाण्यासोबत ते कधीच टाकू नका, पैसे वाया जातात.

रात्रीच्या लाईनवर पाणी देणं

कृषीपंपाची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बारा वाजता लाईन आली की माणूस मोटर सुरू करतो आणि फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे नोझल) सोडून झोपतो. पहाटेच्या थंडीत झाडं भिजलेली उभी राहतात.

मला यावर एकच उपाय सापडला. रात्रीच्या लाईनवर फक्त साठवण करा, पाणी द्यायचं ते सकाळी दहानंतर. आणि साठवण बाहेरच्या टाकीत नको. विहिरीचं पाणी हिवाळ्यात उपसताना कोमट लागतं, हे आपण सगळ्यांनी हात घालून पाहिलं आहे. तेच रात्रभर उघड्यावरच्या टाकीत राहिलं की सकाळी हाताला झोंबतं, आणि ते आपण अँथुरियमच्या मुळाशी ओततो.

मी पॉलिहाऊसच्या उत्तरेकडच्या भिंतीला २०० लिटरचे पाच ड्रम काळा रंग देऊन उभे केले आहेत. दिवसा ते तापतात, रात्री निवतात. एक ड्रम दहा अंश तापून तेवढाच निवला तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता आत सोडतो. पाच ड्रमांचा हिशेब तुम्हीच करा. सकाळी पाणीही त्यातलंच द्यायचं, झाडाला गारठा बसत नाही. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डास होतात आणि हवेतली ओल वाढते.

आत शेगडी पेटवणं

हे वाचून कुणी एकानं जरी शेगडी बाहेर काढली तरी माझं लिहिणं कामी आलं.

२९ डिसेंबर २०१८ ची पहाट विदर्भातल्या कुठल्याच झाडवाल्याला विसरता येणार नाही. नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तिथला आजवरचा नीचांक. आमच्याकडे तुरीवर दहिवर गोठलं होतं. शेजारच्या गावातल्या माझ्या एका मित्राकडे तेव्हा क्रोटन, जास्वंद, डिफेनबाखिया मिळून हजारभर कुंड्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यानं आत दगडी कोळशाच्या दोन शेगड्या पेटवल्या, पडद्यांच्या फटींत बारदाना कोंबला आणि राखण म्हणून स्वतः आतच खाट टाकली.

पहाटे चारला त्याचा मुलगा सहज बघायला गेला. बाप खाटेवर बसलेला, डोकं दोन्ही हातांत धरलेलं, ओकारी झालेली, उठायचं तर पाय चालेनात. मुलानं ओढत बाहेर आणलं. कोळशाचा धूर दिसेनासा झाला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. अजून तासभर कुणी गेलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो.

बरं, झाडं तरी वाचली का? तिसऱ्या दिवशी जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, क्रोटनखाली पानांचा सडा पडला. जळणाच्या धुरात इथिलीन असतं. कच्ची केळी पिकवणारा वायू तोच. बंद जागेत तो साचला की झाडाला वाटतं म्हातारपण आलं, आणि ते पानं-कळ्या टाकून देतं. म्हणजे थंडीनं जितकी गेली असती त्याहून जास्त झाडं त्या शेगड्यांनी नेली.

त्याच पहाटे माझ्याकडे जे घडलं तेही सांगतो. मधल्या रांगेतली अग्लोनेमा शाबूत राहिली. कडेच्या कुंड्यांत मात्र एकेक पान प्लास्टिकला टेकलं होतं, आणि नेमकं जिथं टेकलं तेवढाच भाग तेल सांडल्यासारखा काळपट झाला. बाकी पान हिरवं. तेव्हा मला नीट कळलं की एकेरी प्लास्टिक थंडी फारशी अडवत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीची उष्णता त्यातून सरळ आकाशात निघून जाते. कधी कधी तर आत बाहेरपेक्षा एखादा अंश कमीच भरतो. विश्वास बसत नसेल तर दोन थर्मामीटर टांगून पहाटे पाचला बघा.

म्हणून थंडीची लाट यायची असेल तर मी झाडांवरच दुसरं पांघरूण घालतो. बांबूच्या कमानी, त्यावर पांढरं नॉनवोव्हन कापड. तेही नसेल तर जुनी सुती लुगडी चालतात. संध्याकाळी पाचला टाकायचं, सकाळी नऊला काढायचं. कडेच्या कुंड्या वीतभर आत सरकवायच्या. आणि रात्री झोपायला घरी जायचं.

बी पेरतानाची घाई

उगवण हवेच्या तापमानावर होत नाही, ट्रेमधल्या कोकोपीटच्या तापमानावर होते. झेंडूला २१-२४ अंश हवेत. मिळाले तर पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब वर. गार फरशीवर ठेवलेल्या ट्रेमध्ये तेच बी दहा-बारा दिवस पडून राहतं, आणि सातव्या दिवशी उतावीळ माणूस बोटानं उकरून बघतो. उकरू नका. ट्रे फरशीवरून उचलून बाकावर ठेवा, खाली थर्माकोल घाला, उगवेपर्यंत ट्रे एकावर एक रचून वर प्लास्टिक टाका. मात्र पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी मोकळे करा. एक दिवस उशीर झाला तरी रोप उजेड शोधत लांबतं, आणि लांबलेलं रोप पुन्हा कधी ठेंगणं होत नाही.

पिटुनियाचं बी ग्रॅममध्ये नऊ-दहा हजार भरतं, धुळीसारखं. त्याला उजेड लागतो. वर माती टाकली की गेलं. ओल्या कोकोपीटवर नुसतं टेकवायचं आणि पाणी खालून परातीत द्यायचं. पॅन्सीचं उलट, तिला अंधार आणि गारवा हवा. पाकिटावर हे लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण.

कोकोपीट मुठीत दाबा. दोन-चार थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर पेरू नका.

उष्ण प्रदेशातली झाडं हिवाळ्यात झोपलेली असतात

अँथुरियम, अग्लोनेमा, डिफेनबाखिया, मॉन्स्टेरा ही पावसाळी जंगलातली झाडं. १५ अंशांखाली त्यांची मुळं पाणी ओढायचं जवळपास थांबवतात. पान मलूल दिसलं की आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण अजून पाणी ओततो. मूळ कुजतं, पान अजून मलूल होतं, अजून पाणी. हिवाळ्यातलं बहुतेक महागडं झाड असंच जातं. कुंडी उचलून बघा. जड लागली तर हातातली झारी खाली ठेवा.

अडेनियमनं पानं टाकली तर टाकू द्या. डिसेंबर-जानेवारीत मी त्याला पाणी जवळपास देतच नाही. बुंधा दाबून बघतो. किंचित मऊ असेल तर कपभर, टणक असेल तर काहीच नाही.

थंडीनं काळी पडलेली पानं लगेच कापू नका. नुकसान दोन-तीन दिवसांनी पूर्ण दिसतं, आणि अर्धं हिरवं पानही झाडाला पोसत असतं. फेब्रुवारीत नवं पान उलगडलं की मग कापा. खत तोवर नाही, कुंडी बदलणं तोवर नाही. "एकोणीस-एकोणीस खत टाकलं तर लवकर सावरंल का?" नाही सावरणार. झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबू नये.

दर्यापूर, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्यांसाठी वेगळं सांगतो. अँथुरियमच्या पानांची टोकं जळत असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येत असेल तर तो रोग नाही, पाण्यातला क्षार आहे. औषध मारून जाणार नाही. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा आणि निदान अँथुरियम-ऑर्किडला तेच द्या.

बाकी बारीकसारीक. डिसेंबरात रोपांवरची हिरवी शेडनेट गुंडाळून ठेवा, ती उन्हाळ्यासाठी असते. मळणीचा धुरळा आणि कुटार प्लास्टिकवर बसलेलं असतं, एकदा धुऊन काढा, उजेडातला फरक लगेच दिसेल. कोकोपीटवर बारीक काळ्या माशा उडताना दिसल्या तर पाणी कमी करा, पिवळे चिकट सापळे लावा.

आणि सदाफुली. तिला २५ अंशांच्या वर ऊब आणि अंधार हवा, गार ओल्यात बी कुजतं. तरी दर डिसेंबरात कुणी ना कुणी पेरतं आणि मग बी बोगस निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतं. संक्रांत होऊ द्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे आत १५ अंश दिसायला लागले की पेरा, वर पातळ माती टाका, ट्रे काळ्या कापडानं झाका. मी यंदाही तेव्हाच पेरणार आहे, झिनिया आणि चिनी गुलाबाच्या सोबत.