नाशिकचा अभ्यास घेऊन कॉन्फरन्सला जायचंय? आधी तारखा मोजा

दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या भूगोलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर पडायला लागतात, एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषद, पेपर छापून मिळेल, सर्टिफिकेट मिळेल, आणि मग एमएची पोरंपोरी, पीएचडीला नुकतीच लागलेली मंडळी विचारतात की सर हे भरू का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉन्फरन्स शोधायच्या आधी आपल्याकडे स्वतः मोजलेलं काय आहे ते बघा, कारण नाशिकमध्ये आत्ता जे मोजायचंय ते नंतर मोजता येणार नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं बघा ना. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. रस्ते, घाट, साधुग्राम, सगळं त्याच्यासाठी बदलणार, साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय २०२५ ला किती पेटला ते आपण बघितलंच. उद्या कुणाला लिहायचं असेल की कुंभमेळ्यामुळे पंचवटीतल्या फेरीवाल्यांचं काय झालं, तर मेळ्याआधी तिथे किती जण बसत होते, काय विकत होते, कुठल्या वळणावर बसत होते हे कुणीतरी वहीत उतरवलेलं पाहिजे. मागच्या वेळी, २०१५ ला, ‘नंतर’चं बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘आधी’चं शोधायला गेलं की हात रिकामेच. म्हणून विषय सापडत नाही म्हणणाऱ्याला मी सरळ गंगेवर, म्हणजे गोदाकाठी पाठवतो, एक वही, एक टेप आणि मोबाइलचं जीपीएस घेऊन. सोबत सॅटेलाइट इमेज फुकट आहेत, सेंटिनेल-२ हे सॅटेलाइट जून २०१५ ला सोडलं, म्हणजे मागच्या सिंहस्थाच्या अगदी तोंडावर, आणि त्याचं रिझोल्यूशन १० मीटर आहे, म्हणजे इमेजमधला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा, त्याच्याही मागे जायचं तर लँडसॅट आहे ३० मीटरचं. फक्त एक चूक करू नका, पावसाळ्यातली इमेज घेऊ नका, स्नानाच्या महिन्यांत नाशिकवर ढग असतात, तेव्हा तुलना जानेवारी-फेब्रुवारीची जानेवारी-फेब्रुवारीशीच करायची. पुराचंच पाणी दाखवायचं असेल तर सेंटिनेल-१ घ्या, ते रडार आहे, त्याला ढगाआडचंही दिसतं. नकाशा क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये करा, तेही फुकट आहे.

आता तारखा. उलटं मोजत यायचं. इंटरनॅशनल जिऑग्राफिकल युनियनची मोठी काँग्रेस, म्हणजे जागतिक परिषद, चार वर्षांनी एकदा भरते, २०२४ ला डब्लिनला झाली, पुढची २०२८ ला मेलबर्नला. म्हणजे सिंहस्थाचा ‘आधी-नंतर’ अभ्यास मांडायला याहून चांगली वेळ मिळणार नाही, पण त्यासाठी मोजणी मेळ्याच्या आधी, परत मेळ्यानंतर, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा छोटा सारांश, काँग्रेसच्या कितीतरी महिने आधी. अमेरिकन असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्सची वार्षिक मीटिंग मार्च-एप्रिलच्या आसपास असते आणि तिचे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपासच मागवतात. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची कॉन्फरन्स ऑगस्टअखेरीच्या सुमारास. या दोन्हींमध्ये एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, तिथे बऱ्याचदा आधी एखादा प्राध्यापक ‘सेशन’ काढतो, ‘तीर्थक्षेत्रं आणि शहर’ असा काहीतरी विषय घेऊन, आणि तो आपल्या सेशनसाठी लोक शोधत असतो, तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आधी त्याला ईमेलने पाठवायचा. चार ओळींचं साधं पत्र पुरतं. आपलं नाव, कॉलेज, काय मोजलंय, आणि सोबत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. रिस्पेक्टेड सर मॅडमचा पाढा नको.

पण खरं सांगू का, पहिलाच पेपर घेऊन परदेशात जायची गरज नाही. पुण्याची महाराष्ट्र भूगोलशास्त्र परिषद आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्स पण पुण्यातच आहे, नाशिकहून रात्री उशिरापर्यंत एसटी मिळते. दिल्लीची नॅशनल असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स इंडिया, तिला सगळे नागी म्हणतात. शहरांवर काम असेल तर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्सची (आयआयएचएस) अर्बन आर्क ही कॉन्फरन्स बघा, साधारण जानेवारीत असते, तिथे आर्किटेक्ट, प्लॅनर, समाजशास्त्रवाले सगळे येतात आणि आपल्या भूगोलवाल्यांना जे प्रश्न कधी पडत नाहीत ते विचारतात. मला पहिल्यांदा कुणीतरी तिथल्यासारखाच प्रश्न विचारला होता की तुमच्या नकाशातला हा पिवळा तुकडा कोणाच्या मालकीचा आहे, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी नुसता लँडयूज, म्हणजे जमिनीचा वापर, रंगवला होता. त्या दिवसापासून मी सातबारा बघितल्याशिवाय शहराच्या कडेच्या जमिनीवर एक ओळ लिहीत नाही.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर जरा थांबू, कारण निम्मे अर्ज इथेच पडतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, ‘नागरीकरण ही जागतिक प्रक्रिया असून नाशिक हे झपाट्याने वाढणारे शहर आहे.’ हे वाक्य कुठल्याही शहराला लागू पडतं, नाशिक काढून नांदेड टाकलं तरी चालतं, म्हणून ते काढून टाका. त्याच्या जागी पहिलंच वाक्य असं पाहिजे: ‘मखमलाबाद-हनुमानवाडी भागात नगररचना योजना जाहीर झाल्यावर ज्या शेतकऱ्यांनी द्राक्षबाग काढली आणि ज्यांनी ठेवली, त्यांच्यात फरक कशाचा होता?’ बघा, जागा आली, माणसं आली, प्रश्न आला. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात तुम्ही काय केलं ते, किती घरी गेलात, कुठल्या सालच्या इमेज वापरल्या. मग काय सापडलं. हे लिहायला लोक घाबरतात, ‘निष्कर्ष मांडले जातील’ असं लिहून मोकळे होतात, पण वाचणाऱ्याला तेच तर हवं असतं, अर्धवट असलं तरी लिहा. आणि शेवटी एक वाक्य, की नाशिक न बघितलेल्या माणसाला यातून काय मिळेल. बहुतेक ठिकाणी मर्यादा २५० शब्दांची असते, २६० झाले तर फॉर्म घेतच नाही.

आता फसवणुकीचं, हे मनापासून सांगतोय. एमएच्या दुसऱ्या वर्षी मी गोदाकाठच्या दहीपूल, भांडीबाजार, सराफबाजारात पुराच्या खुणा मोजत फिरलो होतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे सगळं नाशिक सांगतं, पण दुकानात किती आलं ते कुठे लिहिलेलं नसतं. एका भांड्यांच्या दुकानात काकांनी कपाट सरकवून भिंत दाखवली, पेन्सिलीच्या तीन रेघा, बाजूला २००८, २०१६, २०१९. त्यांनी स्वतः टेप धरून दिला. अशी पंधरावीस दुकानं केली. आणि मग तो सगळा डेटा एका पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलला दिला, कारण साडेतीन हजारात आठ दिवसांत छापून मिळत होतं. दोन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स आला, कुणी एक शंका विचारली नाही, नकाशा दाबून चपटा छापला, लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट, वाचताच येत नव्हतं. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत तो पेपर कुणी धरला नाही, आणि तोच डेटा चांगल्या ठिकाणी द्यायला गेलो तर ते म्हणाले हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. पैशाचं काही नाही, त्या काकांच्या तीन रेघा वाया गेल्या याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून जर्नल असं तपासा. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं अजूनही कुणी पोस्टरवर मिरवत असेल तर तिथेच थांबा, ती मान्य जर्नलची लिस्ट यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आयएसएसएन नंबर म्हणजे दर्जा नाही, तो नुसता नोंदणीचा नंबर आहे. स्कोपस या जर्नलच्या जागतिक यादीत आहे म्हणतात तर स्कोपसच्या साइटवर जाऊन तो नंबर टाकून बघा, नावाने शोधू नका, कारण चांगल्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली साइट पण काढतात. ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं असेल तर डीओएजे (डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स) या यादीत बघा. आणि दोन दिवसांत होकार आला तर समजून जा, खऱ्या ठिकाणी सहा महिने, वर्षही लागतं. घाई कशाची? २०२२ च्या नियमांपासून यूजीसीने पीएचडीचा थिसिस सबमिट करायला पेपर सक्तीचा ठेवलेला नाही, फक्त आपल्या विद्यापीठाचा नियम एकदा बघून घ्या.

चांगली ठिकाणं आहेत की. ईपीडब्ल्यूमध्ये (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) शहरांवरचा वेगळा विभाग येतो, रिव्ह्यू ऑफ अर्बन अफेअर्स. एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन एशिया आहे, आयआयएचएसचं अर्बनायझेशन आहे, कोलकात्याचं जिऑग्राफिकल रिव्ह्यू ऑफ इंडिया जुनं आणि भूगोलवाल्यांचं आहे. पाठवायच्या आधी त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले चार लेख वाचा, मगच कळतं आपलं तिथे बसतं का. एकाच वेळी दोन जर्नलला पाठवायचं नाही, हे अजिबात चालत नाही. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि भारताची सीमा दाखवणारा नकाशा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचीच सीमा वापरा, गुगलवरून उचललेली नको.

पैशाचं थोडक्यात: नोंदणी करताना विद्यार्थी दर विचारा, कमी उत्पन्नाच्या देशांसाठी वेगळा दर किंवा माफी आहे का ते ईमेलने विचारा, विचारल्याशिवाय कुणी देत नाही. परदेशी प्रवासासाठी आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) अर्ज करता येतो, पण होकाराचं पत्र आधी हातात लागतं. व्हिसाला महिने जातात, तेव्हा पासपोर्ट आजच काढून ठेवा.

मांडायला साधारण १५ मिनिटं मिळतात, कधी १०. स्लाइड आठ-नऊच करा, पहिल्याच स्लाइडवर नकाशा आणि भिंतीवरच्या रेघेसारखा एक फोटो, गोदावरी कुठून येते आणि रामकुंड कुठे आहे हे बोटाने दाखवा, समोरच्याला नाशिक माहीत नाही. फोटोत माणूस असेल तर त्याला आधी विचारलेलं पाहिजे. घरी आरशासमोर नको, मित्राला समोर बसवून घड्याळ लावून दोनदा म्हणा. आणि कॉन्फरन्समध्ये जे प्रश्न आले ते त्याच रात्री, परतीच्या गाडीत का होईना, लिहून काढा, कुणी विचारलं ते नावासकट, कारण जर्नलसाठी पेपर परत लिहायला बसाल तेव्हा पहिलं पान त्याच प्रश्नांनी सुरू होतं.