साइट साफ झाली, तरी अँटीव्हायरस ओरडतोय? मग हे करा

साइट हॅक झाली, कोणीतरी ती साफ करून दिली, बिलही चुकतं झालं. तरी ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवरून स्क्रीनशॉट येतोच: ‘ही वेबसाइट धोकादायक आहे.’ होस्टिंगवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, ‘आमच्याकडे सगळं क्लीन दिसतंय.’ तो खोटं बोलत नसतो, पण तो इशारा त्याच्या हातातला नसतोच. धोकादायक पत्त्यांच्या याद्या गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि अँटीव्हायरस कंपन्या आपापल्या ठेवतात. एका यादीतून नाव निघालं म्हणून ते दुसरीतून आपोआप निघत नाही.

तेव्हा आधी इशारा कोणाचा ते ठरवा. स्क्रीनशॉट अख्खा मागवा, कापलेला नको. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पूर्ण पानच लाल झालं असेल तर बहुधा ते गूगलच्या सेफ ब्राउझिंगचं काम. एजमध्ये झालं तर मायक्रोसॉफ्टच्या स्मार्टस्क्रीनचं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट आली असेल तर ती अँटीव्हायरसची. तिच्यावर कंपनीचं नाव असतं आणि बऱ्याचदा धोक्याचंही. हे दुसरं नाव नीट वाचा. अवास्ट ‘यूआरएल:ब्लॅकलिस्ट’ दाखवतो तेव्हा आक्षेप पत्त्यावर असतो. पानात आज काही वाईट असेलच असं नाही. पण ‘जेएस:’पासून सुरू होणारं नाव आलं तर जावास्क्रिप्टमध्ये काहीतरी खटकलंय. मग यादीतून नाव काढण्याचे अर्जबिर्ज राहू द्या, आधी साइट पुन्हा तपासा.

खरं तर तपासणी दोन्ही वेळा करावीच. साइट हॅक करणारे लोक मालकाला काही दिसू नये याची चोख काळजी घेतात. गूगलवरून आलेल्याला किंवा फक्त मोबाइलवाल्याला भलत्याच साइटवर ढकलायचं आणि थेट पत्ता टाइप करणाऱ्याला नेहमीचं पान दाखवायचं, ही त्यांची जुनी चाल. त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपवर तर व्यवस्थित उघडते’ याला काडीचाही अर्थ नाही. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, इनकॉग्निटो उघडा, गूगलवर स्वतःची साइट शोधा आणि तिथून क्लिक करा. सर्च कन्सोल म्हणजे साइटमालकांसाठी गूगलचं साधन. त्याच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये लाइव्ह टेस्ट घेतली की गूगलच्या बॉटला (पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) कोणतं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, मिळतं तेही बघता येतं.

वर्डप्रेस असेल तर अपलोड्स फोल्डर उघडा. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. पीएचपी (म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) फाइल दिसली तर ती तिथे कशाला आली याचा छडा लावा. युजर्समध्ये अनोळखी ॲडमिन, एचटी-ॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमधले तुम्ही न लिहिलेले रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर ढकलणाऱ्या सूचना), डेटाबेसमधल्या पोस्टमध्ये शिरलेल्या स्क्रिप्ट हेही बघा. सर्च कन्सोलच्या मालकांच्या यादीत कोणी परका नाही ना, हे तपासायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मग होस्टिंग, एफटीपी (फाइली चढवायचं खातं), डेटाबेस सगळीकडचे पासवर्ड बदला आणि कॅश प्लगिनची आणि क्लाउडफ्लेअरसारखी सेवा वापरत असाल तर तिची कॅश (साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती) रिकामी करा, नाहीतर जुनं पान तिथूनच वाटलं जात राहील.

आता गूगलकडे. सर्च कन्सोलमध्ये ‘सिक्युरिटी इश्यूज’ उघडा, ‘रिक्वेस्ट रिव्ह्यू’ दाबा आणि काय सापडलं, काय काढलं, भगदाड कसं बुजवलं ते लिहा. उत्तराला काही दिवस लागतात. स्पॅम पानं घुसली असतील तर काही आठवडेही. अर्धवट साफ करून घाईने अर्ज करू नका. ‘वारंवार बिघडणारी साइट’ असा शिक्का बसला तर 30 दिवस पुन्हा अर्जच करता येत नाही.

बाकी कंपन्यांसाठी व्हायरसटोटलवर साइटचा पत्ता टाका. 70हून अधिक यंत्रणांचे निकाल तिथे एकत्र दिसतात. समोर आलेला निकाल जुना असू शकतो, म्हणून ‘रीॲनालाइझ’ दाबूनच पुढे जा. व्हायरसटोटल गूगलच्या मालकीचं असलं तरी ते स्वतः कोणालाही दोषी ठरवत नाही, त्यामुळे तिथे तक्रार करून उपयोग नाही. लाल दिसणाऱ्या नावांची यादी करा आणि एकेका कंपनीचा ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (चुकून दिलेल्या इशाऱ्याचा) फॉर्म भरा. आपल्याकडच्या दुकानांत-ऑफिसांत पुण्याचं क्विक हील भरपूर दिसतं. इशारा त्याचा असेल तर थेट त्यांच्या सपोर्टला कळवा.

फॉर्ममध्ये ‘आमचा धंदा बुडतोय’ लिहून कोणी हलत नाही. साइटचा पूर्ण पत्ता, चौकटीतलं धोक्याचं नाव, सफाईची तारीख, काढलेल्या फाइली आणि स्क्रीनशॉट, एवढं इंग्रजीत चार ओळींत द्या. उत्तरात ‘आयपी’चा, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याचा, उल्लेख आला तर दोष त्याच सर्व्हरवरच्या शेजारी साइटचा असू शकतो, होस्टिंगवाल्याकडे दुसरा आयपी मागा.

तोवर ग्राहकांना ‘अँटीव्हायरस बंद करून साइट उघडा’ असं चुकूनही सांगू नका. ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या. कंपनीने नाव काढल्याचं कळवल्यावरही एखाद्याच्या मशीनवर इशारा टिकला, तर त्याला अँटीव्हायरस अपडेट करून ब्राउझरची कॅश साफ करायला सांगा.