गडचिरोलीत पोस्टिंग आलंय? गावात शिरायच्या आधी एवढं करा

भामरागड, एटापल्ली साइडला पोलिसातलं पहिलं पोस्टिंग आलं की पोरं नकाशा, हत्यारं, अँबुश हेच विचारतात, ते हवंच, पण गावाचं वर्षभराचं कॅलेंडर कोणी विचारत नाही आणि खरी गडबड तिथेच होते.

म्हणून आधी पंडुम, म्हणजे सण, कधी आहेत ते विचारा. माडिया आदिवासींच्या गावात मर्का पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत, आणि गस्तीवरचा एखादा जवान जाता जाता कैरी तोडून खातो, त्याच्या मनात काही नसतं पण गाव बघत असतं. मार्च-एप्रिलात पहाटे घरं रिकामी दिसली तर लगेच संशय नको, लोक मोहफुलं वेचायला गेलेले असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता.

गावाच्या कडेला उभे दगड दिसतील, ते गेलेल्या माणसांच्या नावाने रोवलेले असतात, त्याला रायफल टेकवायची नाही, बसायचं तर नाहीच. बाजूला छोटी झोपडी दिसली तर कुर्माघर असू शकतं, पाळी आलेल्या बायका तिथे राहतात. ही प्रथा बायकांच्या तब्येतीला वाईटच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण म्हणून युनिफॉर्ममधल्या पुरुषाने दार ढकलायचं नाही. झडती घ्यायचीच असेल तर महिला पोलीस पाठवा आणि तिथल्या बायकांना आधी सांगा.

भाषेचं म्हणाल तर 1990 ला सी-60, म्हणजे गडचिरोली पोलिसांची नक्षलविरोधी तुकडी, उभी राहिली ती स्थानिक पोरांवरच, त्यांना गोंडी-माडिया येते, त्यांच्याकडून रोज थोडं शिका. जोहार करा, बसा, पीकपाणी विचारा, आल्या आल्या नक्षल्यांबद्दल "ते आले होते का" नको.

सगळ्यात महत्त्वाचं, कुणा एकाला बाजूला घेऊन बोलू नका. खबऱ्या म्हणून नक्षल्यांनी इथे कितीतरी आदिवासींना मारलंय, तुमची पाच मिनिटांची कुजबुज त्याच्या जिवावर बेतते. बोलायचं ते ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा वाचून जा, इथल्याच मेंढा-लेखा गावाने 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवलाय, लोकांना कायदा कळतो.

आणि समजून घेणं वेगळं, माहिती काढणं वेगळं. अमेरिकन आर्मीने 2007 पासून इराक-अफगाणिस्तानात ह्युमन टेरेन सिस्टीम चालवली, सैन्यासोबत मानववंशशास्त्रज्ञ फिरवले, त्यांच्याच देशातल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने विरोध केला, कारण लोकांनी विश्वासाने सांगितलेलं उद्या टार्गेट ठरवायला वापरलं जाऊ शकतं. 2014 ला ते बंद पडलं. याउलट गडचिरोलीतल्याच डॉ. बंग दांपत्याच्या शोधग्रामचा दवाखाना बघा, लोकांना विचारून बांधला, त्यांच्या झोपड्यांसारखा, दंतेश्वरी देवीच्या नावाने.

बदली झाली की पुढच्या साहेबासाठी वही ठेवून जा, त्यात पंडुमचे दिवस, बाजाराचा वार, कुठे बूट काढायचे, कुठे थांबायचं हे सगळं लिहा, फक्त कोण काय बोललं त्याची नावं लिहू नका.