गॅस गिझर बाथरूमच्या आत नको

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. त्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला २ घनमीटर. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते जेमतेम साडेपाच घनमीटर! थंडीत खिडकी लावली, दाराची फट बुजवली की ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसचा उग्र वासही ज्योतीतच जळून जातो, म्हणून नाकावर भरवसा ठेवू नका.

गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. बाल्कनी काचांनी बंद केलेली असेल किंवा गिझर बाथरूमच्या खिडकीखालीच असेल, तर बाहेर बसवून उपयोग नाही.

भाड्याच्या घरात तो हलवता येत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच आंघोळीला जा. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरत नाही. बाहेरची हवा आत यायला दाराला खाली जाळी हवी. ठरावीक मिनिटांनी गिझर बंद करणारा टायमर विषारी वायू मोजत नाही.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर वापरू नका. दरवर्षी थंडीआधी सर्व्हिसिंग करा.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीही तितकीच घातक. धूर गेलेले लाल निखारेसुद्धा हाच वायू सोडतात. शेगडी बाहेर ठेवा, कापड तिथे गरम करून आत आणा.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायातलं बळ जाणं ही या विषबाधेची लक्षणं. आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडा, नाहीतर तोडा; त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. आत जाणाऱ्याने तिथे रेंगाळू नये. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आधी सांगा, कारण बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. विषबाधा झालेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो.