इंग्रजी उद्गार: या चुका टाळा

इंग्रजी केवलप्रयोगी अव्ययं कोशातला अर्थ बघून वापरली की हमखास फसतात. त्यातली बरीचशी मुळात शब्द नव्हेतच. तोंडातून निघालेल्या आवाजाला कुणीतरी दिलेलं स्पेलिंग आहे.

‘टी-एस-के टी-एस-के’ दिसलं की लोक ‘टिस्क टिस्क’ वाचतात. तो आपलाच ‘च्च च्च’: जीभ दातांमागे टेकवून हवा आत ओढत काढलेला. ‘टट-टट’ हे त्याच आवाजाचं दुसरं स्पेलिंग. पण मराठीत च्च च्च म्हटलं की बहुधा हळहळ. इंग्रजीत बऱ्याचदा नापसंती. सबटायटलमध्ये तसंच ठेवलं, तर रागावलेली आजी कळवळलेली वाटेल. तिथे ‘काय हे!’ चालतं.

मोठा घोळ होकार-नकाराचा. इंग्रजी ‘अह्-हं’ म्हणजे होय. आपलं ‘अंहं’ म्हणजे नाही! खूण अशी: मधे ‘ह’चा श्वास आणि शेवटी सूर वर, तर होकार. दोन ‘अ’मध्ये घसा क्षणभर बंद होऊन सूर खाली आला, तर नकार. ‘अ-ओ’मध्येही घसा तसाच अडतो, अर्थ मात्र ‘गडबड झाली’.

‘गॉश’, ‘जी’, ‘क्रायकी’ हे गॉड, जीझस आणि ख्राइस्ट यांचे मुखवटे. देवाचं नाव उगाच घेणं पाप, म्हणून उच्चार मोडून घेतला. इंग्लंडात 1606च्या कायद्याने रंगमंचावर देवाचं नाव थट्टेत घेतलं तर दहा पौंड दंड होता. ‘ब्लायमी’च्या मुळाशी तर ‘देव मला आंधळा करो’ अशी शपथ आहे. आज हे सगळे सौम्य, थोडे जुनाट. म्हणून चवताळलेल्या गुंडाच्या तोंडी ‘गॉश’ हास्यास्पद होतं, आणि ब्रिटिश वळणाचं ‘ब्लायमी’ अमेरिकन पात्राला शोभत नाही.

‘ओके’च्या जन्मकथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पुढे पाठवू नका. छापील पुरावा 23 मार्च 1839च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’चा आहे: ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग (oll korrect) आणि त्याची आद्याक्षरं. तेव्हा अशा आद्याक्षरांची फॅशनच होती. बाकीची विरली, ही टिकली, कारण अमेरिकेच्या 1840च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेनच्या समर्थकांनी ती उचलली. त्याचं गाव किंडरहूक, म्हणून तो ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे पुन्हा ओके.

सभेत दाद देताना ‘हिअर, हिअर’ लिहायचं, तर स्पेलिंग ‘ऐकणे’चं, ‘इथे’चं नव्हे. ब्रिटिश संसदेतल्या ‘त्यांचं ऐका’ या पुकाऱ्यातून ते आलं.