टॉर्च कोरलवर तपकिरी जेली दिसली की आधी पंप बंद करा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ह्या कोरलांच्या एखाद्या डोक्यावर, म्हणजे एका तोंडाभोवतीच्या जिवंत भागावर, शेंबडासारखा तपकिरी चिकट थर दिसला ना, तर वेव्हमेकर (लाटा उठवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरमधून टाकीत पाणी परत आणणारा) आधी बंद करा, बाकी सगळं नंतर. बरेच जण आधी मोबाईल काढतात, फोटो पाठवतात, औषध कुठलं ते विचारतात, आणि तोवर ती जेली धारेबरोबर शेजारच्या कोरलवर जाऊन बसते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा आमच्याकडे लाईट गेली ती लवकर आलीच नाही. टाकी वरच्या मजल्यावर, त्यामुळे घरात पाणी नाही आलं, पण बॅटरीवरचा एक एअरपंप सोडला तर टाकीतलं पाणी जागचं हलत नव्हतं. लाईट आली, सगळं सुरू केलं, वाटलं निभावलं, आणि दोन दिवसांनी सकाळी बघतो तर सात डोक्यांच्या टॉर्चचं एक डोकं आक्रसून आत गेलेलं, कडेने मांस सुटून लोंबतंय आणि त्यावर तो थर, हलवला की ढगासारखा पसरणारा. बाहेर काढल्यावर सडका वास. सातातली चार डोकी वाचली, ती कशी ते सांगतो.

पंप बंद केल्यावर मोठ्या सिरिंजला एअरलाईनचा (हवेच्या बारीक नळीचा) तुकडा लावा आणि जेली हळूहळू ओढून घ्या, ते पाणी सरळ टाकून द्या, टाकीत परत नाही. मग कोरल टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या. फांदीवाला टॉर्च असेल तर आजारी डोकं कापूनच टाका, पण मांस वरून दिसतं त्यापेक्षा फांदीच्या आत खाली उतरलेलं असतं, म्हणून जिथे मांस संपलेलं दिसतं त्याच्याही दोन-तीन सेंटीमीटर खाली बोन कटर लावा. उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवा, प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच, साधारण १० ते १५ मिनिटं, नंतर दुसऱ्या बादलीत खळबळून काढा. आणि लगेच टाकीत परत नका ठेवू, १५-२० लिटरच्या टबात हीटर, छोटा पंप आणि मंद लाईट लावून आठवडाभर तिथे राहू द्या, टबाचं पाणी रोज थोडं बदला.

मायक्रोस्कोपखाली त्या जेलीत सिलिएट नावाचे एकपेशी जीव वळवळताना दिसतात, पोटात कोरलमधलं तपकिरी शेवाळ भरलेले. पण ते बहुतेकदा आधीच खचलेल्या किंवा जखम झालेल्या कोरलवरच चढतात, म्हणून नुसतं त्यांना मारून भागत नाही. आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून मेन टाकीत टाकणं मला अजिबात पटत नाही, फिल्टरचे बॅक्टेरिया मेले तर अमोनिया वाढतो आणि एका कोरलपायी अख्खी टाकी जाते.

आता पांढरं पडलेलं प्रत्येक कोरल मेलेलंच असतं असं नाही, हे इतक्या जणांना माहीत नसतं की वाईट वाटतं. बॅटरीचा उजेड तिरका मारून भिंगातून बघा. पांढरं दिसतंय पण वर पातळ काचेसारखं मांस आहे, तोंडं दिसतायत, तर ते ब्लीच झालंय, म्हणजे आतलं शेवाळ गेलंय पण जीव आहे. लाईट कमी करा, बारीक खाणं द्या, थांबा, महिने लागतात पण रंग परत येतो. नुसता कोरडा खरखरीत सांगाडा दिसत असेल तर मात्र तिथलं मांस गेलं. अ‍ॅक्रोपोरात (बारीक फांद्यांचं कोरल) हे मांस सुटणं बुडापासून वर काही तासांतसुद्धा सरकतं, त्याला आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात, त्यात डिपची वाट बघू नका, चांगल्या भागात एक-दोन सेंटीमीटर आत जाऊन टोकं कापा आणि जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवा. वाचली तर तीच वाचतील.

त्याच दिवशी पाणी तपासा. तापमान २५-२६, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा १.०२५ (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी), अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट ८ ते ९ डीकेएच (त्याचं एकक). आकडा चुकलेला असेल तर एका दिवसात ओढून आणू नका, अल्कलिनिटी दिवसाला एकापेक्षा जास्त हलली की नवीन दुखणं सुरू. १० ते १५ टक्के पाणी बदला, फिल्टरमधला कार्बन नवीन भरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पंखा लावून टाकी दोन-तीन डिग्री उतरते, पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, फक्त आरओच्या पाण्याने. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पंखा फारसं काही करत नाही, तिथे चिलरच हवा.

झोअँथिड आणि पॅलिथोआ ही बटणासारखी मऊ कोरलं हाताळताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, ती कोरलं लागलेला दगड कधीही उकळू नका, त्याची वाफ घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात पोहोचवू शकते. लहान मुलं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावरच करा.

कोरल गेलं म्हणून जामनगरजवळ नराऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन ओहोटीत तुकडा उचलून आणायचा विचार मनातही आणू नका, मेलेलासुद्धा नाही. कच्छच्या आखातातला तो भाग १९८२ पासून मरीन नॅशनल पार्क आहे, आणि दगडी कोरलांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नवीन घ्याल ते बिल आणि कागद बघून घ्या, आणि आणल्यावर आधी त्याच टबात ठेवा. फ्लॅटवर्म नावाच्या, कोरल खाणाऱ्या चपट्या किड्यांची अंडी डिपने मरत नाहीत, सांगाड्यावर सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचा पुंजका दिसला तर खरवडून काढा, आणि पाच-सहा आठवडे दर आठवड्याला डिप देत राहा, मगच मेन टाकीत सोडा.