पापलेटच्या नोंदी जोडताना नावावर विसंबू नका

रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यातल्या माशांवर काम करताना ओबिस (सागरी जीवांच्या नोंदींचा जागतिक साठा), जीबिफ (सगळ्या सजीवांच्या नोंदींचा तसाच साठा) आणि स्वतःची बंदरावरची वही, असा तिन्हीकडचा डेटा एकत्र करावा लागतो. शास्त्रीय नावावरून तक्ते जोडायचा मोह होतो. तसं करू नका. आधी प्रत्येक नाव वर्म्स या सागरी जीवांच्या नावांच्या जागतिक नोंदवहीत तपासा, तिथल्या स्वीकृत नावाचा अफिया आयडी (नावाला दिलेला क्रमांक) वेगळ्या रकान्यात घ्या आणि त्यावरच जोडणी करा. मूळ नोंदीतलं नाव मात्र कधीही पुसू नका.

ते का, हे पापलेटवरून कळतं. आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट वर्षानुवर्षं पाम्पस आर्जेन्टियस म्हणून लिहिलं गेलं. अलीकडच्या अभ्यासांत तेच पाम्पस कँडिडस ठरलं. ही निव्वळ नावाची अदलाबदल नाही, कारण आर्जेन्टियस ही जातही आहेच, फक्त पूर्वेकडच्या समुद्रांत. म्हणून जुन्या नोंदीला आयडी आर्जेन्टियसचाच मिळेल आणि संगणक चूक दाखवणार नाही. अशा नोंदींवर ‘ओळख तपासावी’ अशी खूण करा. बाजारातल्या ‘सुरमई’चंही तसंच, त्या नावाखाली एकाहून अधिक जाती येतात.

ओबिस आणि जीबिफमध्ये एकच नोंद दोनदा सापडते. दोन्हीकडे डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या सामाईक नमुन्याचे रकाने असतात, तेव्हा ऑकरन्स आयडी (त्या एका नोंदीची खूण) जुळवून दुबार नोंदी काढा. आयडी बदललेला असेल तर तारीख, जात आणि ठिकाण एकत्र ताडून पाहा.

शेवटी सगळे बिंदू नकाशावर टाका. रत्नागिरीचे अक्षांश-रेखांश, साधारण १७ आणि ७३, उलटे पडले तर तुमचा बांगडा थेट नॉर्वेच्या उत्तरेला पोहतो.